मोंबासाला मिशन ट्रिपवर चाललाय? पहिले चार-पाच दिवस असे काढा

ओळखीच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कुणी मिशनच्या कामाला केनियाला निघालं की फोन येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात, डॉलर किती घेऊ, इंजेक्शन कुठलं घ्यायचं, तिकडे भात मिळतो का, उपासनेत संदेश, म्हणजे प्रवचन, इंग्लिशमध्ये दिला तर चालतो का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी फक्त मोंबासा आणि आसपासच्या किनाऱ्याबद्दल बोलतोय हं, नैरोबीचं हवामान वेगळं, लोकांच्या सवयी वेगळ्या, तिकडे जुलैत स्वेटर लागतो आणि मोंबासात जुलैतसुद्धा बनियन अंगाला चिकटतो.

पहिलं काम बॅग भरायच्या आधीचं आहे. आपण तिकडे सुवार्ता घेऊन चाललोय ही भाषा इथेच सोडून द्या. योहान लुडविग क्राफ हे जर्मन मिशनरी 1844 मध्ये मोंबासाला आले, दोन वर्षांनी योहानेस रेबमन आले, आणि दोघांनी शहराबाहेर राबाईला काम सुरू केलं. म्हणजे तिथल्या मंडळीची मुळं पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहेत. आणि आपल्यासाठी खरं नवल पुढे आहे. गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश नौदलानं सोडवलेली आफ्रिकन पोरं मुंबईला उतरवली जायची, त्यातली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, तिथेच शाळा शिकली, सुतारकाम लोहारकाम शिकली. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर अशी माणसं 1864 मध्ये राबाईला कामाला गेली आणि 1875 च्या सुमाराला मोंबासा बेटासमोर फ्रेअरटाऊन वसलं तेव्हा तिथे असे आणखी बरेच लोक गेले. गावाचं नाव मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रेअर यांच्यावरून. या लोकांना तिकडच्या इतिहासात बॉम्बे आफ्रिकन म्हणतात. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराईटसुद्धा नाशिकच्याच शाळेतला. शरणपूर रोडवरून रोज गाडी काढणाऱ्या किती जणांना हे माहितीये देव जाणे. इतिहासाची हौस म्हणून सांगत नाहीये, पहिल्या संध्याकाळी यजमान पाळकांच्या घरी बसल्यावर बोलायला याच्याएवढा चांगला विषय दुसरा नाही, आणि एकदा हे कळलं की आपण शिकवायला आलोय हा भाव आपोआप खाली बसतो.

आता कागद. केनियानं जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून ईटीए म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू केलाय, ऑनलाईन भरायचा, फी साधारण 30 डॉलर आणि वर कार्डाचा थोडा चार्ज. सरकारी साईटवरच भरा, गूगलवर वरती दिसणाऱ्या एजंट लोकांच्या साईट जास्तीचे पैसे काढतात. तीन दिवसांत होतो म्हणतात पण टीम मोठी असेल तर दोन-तीन आठवडे आधी भरा कारण एकाचा फोटो किंवा पासपोर्टचं पान नीट अपलोड झालेलं नसतं आणि मग सगळ्यांचा जीव टांगणीला. यजमान मंडळीचं लेटरहेडवरचं निमंत्रणपत्र घ्या, पत्ता आणि फोन नंबरसकट, आणि त्याची प्रिंट प्रत्येकाच्या हातात हवी, फक्त लीडरच्या नाही. ट्रिपचा उद्देश लिहिताना आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारल्यावर खरं सांगायचं. पर्यटक म्हणून जायचं आणि रविवारी स्टेजवर उभं राहायचं हे करू नका. केनियात धार्मिक कामासाठी क्लास आय नावाचं वेगळं परमिट असतं, छोट्या भेटीला काय लागेल ते यजमान मंडळीच्या ऑफिसला आधीच विचारून ठेवा, त्यांना रोजची सवय असते.

यलो फीव्हरची लस. ही सगळ्यात जास्त लोक विसरतात कारण जाताना कुणी अडवत नाही. अडवतात येताना, मुंबई विमानतळावर. केनियाहून येणाऱ्याकडे लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते, अपॉइंटमेंट लागते, आणि घेतल्यावर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात, म्हणजे निघायच्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते, कार्ड मात्र जपा. टीममध्ये साठीच्या पुढचे काका-मावशी असतील, कुणी गरोदर असेल, कुणाला अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरशी बोला, ही लस सगळ्यांना चालत नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं त्याच भेटीत विचारून घ्या कारण काही गोळ्या निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात आणि काही त्याहून बऱ्याच आधी.

बॅगेबद्दल एकच मोठी गोष्ट सांगतो, प्लास्टिकच्या कॅरीबॅग. ऑगस्ट 2017 पासून केनियात पूर्ण बंदी आहे आणि कायद्यातला दंड लाखो शिलिंगमध्ये जातो, वर तुरुंगाची तरतूद. आपली सवय अशी की चिवडा एका पिशवीत, लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत, चपला तिसऱ्या पिशवीत, ओले कपडे चौथीत. सगळं काढा. कापडी पिशव्या घ्या, खाऊ स्टीलच्या डब्यात भरा. ड्युटी फ्रीची पिशवी पण उतरायच्या आधी सोडा. दुसरं, लष्करी छापाचे कपडे, ते हिरव्या-खाकी ठिपक्यांचे कार्गो पँट, तिकडे सामान्य माणसानं घालणं बेकायदा आहे, टीममधल्या तरुण पोरांना आवर्जून सांगा. ड्रोन परवानगीशिवाय न्यायचा नाही, जप्त होतो. प्लग चौकोनी तीन पिनचा लागतो, एक अ‍ॅडाप्टर आणि त्याला लावायला आपल्याकडची एक्स्टेन्शन बोर्ड घेतली की अख्ख्या खोलीचे मोबाईल चार्ज होतात.

मुंबईहून नैरोबी थेट विमान साधारण सहा तास. पुढे मोंबासाला दुसरं विमान घ्या किंवा 2017 ला सुरू झालेली मदाराका एक्स्प्रेस, पाच-सहा तास लागतात, त्सावोच्या जंगलातून जाते, नशीब असेल तर खिडकीतून हत्ती दिसतात. फक्त दोन्ही टोकाची स्टेशनं शहराबाहेर आहेत आणि चढायच्या आधी बॅगा ओळीत ठेवून कुत्र्यांकडून हुंगवतात, एक तास हातात ठेवा. तिकिटाचे पैसे एम-पेसानं, म्हणजे तिकडच्या मोबाईलवरून पैसे देण्याच्या सोयीनं, भरणं सोपं असतं त्यामुळे बुकिंग यजमानांनाच करायला सांगा आणि नंतर हिशेब चुकता करा.

घड्याळ अडीच तास मागे करायचं, म्हणजे जेट लॅग वगैरे फारसा नसतो, पण पहिले दोन दिवस पहाटे साडेतीनला जाग येते आणि रात्री साडेआठला डोळे मिटायला लागतात. येऊ द्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम ठेवूच नका, यजमान उत्साहानं ठेवतील तर लीडरनं नम्रपणे एक दिवस मागून घ्यायचा. दमट हवेत घाम खूप जातो, ओआरएसची पाकिटं घरून घ्या. नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलासुद्धा पहिले काही दिवस बाटलीचंच घ्या. शहरात पाण्याची टंचाई असते, बऱ्याच वस्त्यांत लोक हातगाडीवरून आलेले पाण्याचे कॅन विकत घेतात, त्यामुळे कुणाच्या घरी मुक्काम असेल तर अंघोळ एका बादलीत आटपा आणि ती बादली विकतची असू शकते हे ध्यानात असू द्या.

वेळेचं एक नीट समजून घ्या नाहीतर पहिल्याच दिवशी घोळ होतो. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. आपल्या सात वाजता त्यांचा एक वाजतो, नऊ वाजता तीन. कुणी स्वाहिलीत सा ताटू म्हणालं तर ते सकाळचे नऊ, दुपारचे तीन नव्हेत. इंग्लिशमध्ये बोलताना मात्र बहुतेक जण आपल्यासारखंच सांगतात. त्यामुळे दरवेळी विचारायचं, इंग्लिश टाईम का स्वाहिली टाईम, कुणी हसत नाही.

सिमकार्ड पहिल्या सकाळीच घ्या, पासपोर्ट दाखवून सफारीकॉमच्या दुकानात, आणि तिथेच एम-पेसा चालू करून घ्या. 2007 पासून हा प्रकार तिकडे आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीचा, भाजीवालीपासून टुकटुकवाल्यापर्यंत सगळे त्याच्यावर चालतात. टुकटुक म्हणजे आपली तीनचाकी रिक्षाच, मीटर नाही, बसायच्या आधी भाव ठरवायचा. आपलं गूगल पे तिकडे चालेल असं धरून जाऊ नका. रोख डॉलर नेताना नव्या, न दुमडलेल्या नोटा घ्या, जुन्या नोटांना भाव कमी देतात किंवा घेतच नाहीत, आणि एका माणसाला एका ट्रिपला 3,000 डॉलरपर्यंतच रोख नेता येतात. टीमचा एकच खजिनदार असावा आणि हिशेब रोज रात्री लिहावा. 50 आणि 100 शिलिंगच्या सुट्या नोटा जमवत राहा, त्या रविवारी लागणारेत.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका. भात मिळतो का विचारणाऱ्यांसाठी, नारळाच्या दुधात शिजवलेला भात मिळतो आणि कोकणातल्या माणसाला तो लगेच आवडतो. म्बाझी म्हणजे आपल्या तुरीचे दाणे नारळाच्या रसात, सकाळी महाम्रीबरोबर खातात, महाम्री म्हणजे वेलदोडा घातलेली गोडसर तळलेली पुरीसारखी. चपाती आहे पण पदर सुटलेली, तेलातली. चहा दुधाचाच. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकी नावाच्या हिरव्या पालेभाजीबरोबर हातानं खायचा, हात धुवायला कुणीतरी तांब्या आणि घमेलं घेऊन येतं, ते काम बऱ्याचदा घरातली लहान मुलगी करते, तिला असांते, म्हणजे धन्यवाद, म्हणायला विसरू नका. शाकाहारी कुणी असेल तर आधी कळवा, ऐनवेळी ताटाला नाही म्हटलं की यजमान बाईंचा चेहरा पडतो, त्यांनी तुमच्यासाठी कोंबडी कापलेली असते. आपलं लोणचं काढलंत तर सगळ्यांना द्या, एकट्यानं चाटत बसू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी गोऱ्या लोकांच्या मिशन ट्रिपच्या सूचनांमध्ये तुम्हाला सापडणार नाही. आपण तिकडे पाहुणे असलो तरी चेहऱ्यानं मुहिंदी असतो, म्हणजे भारतीय. मोंबासात पिढ्यान्‌पिढ्या गुजराती व्यापारी कुटुंबं आहेत, जुन्या गोवेकर कॅथलिकांची पण आहेत, आणि सामान्य माणसाच्या डोक्यात मुहिंदी म्हणजे दुकानाचा नाहीतर कारखान्याचा मालक. चांगले अनुभव पण आहेत लोकांना, पगार कापणाऱ्या मालकाचे पण आहेत. त्यामुळे तुमचा संदेश ऐकायच्या आधी लोक हे बघतात की तुम्ही स्वयंपाकघरातल्या बाईशी, ड्रायव्हरशी, वॉचमनशी कसे बोलता. आपल्याकडे सवयीनं आपण पाणी आण, बॅग उचल असं एकेरीवर येतो, तिकडे भाषा कळली नाही तरी तो सूर बरोबर कळतो. स्वतःचं ताट स्वतः उचला, ड्रायव्हरला टेबलावर बरोबर बसवा, बॅगा आपल्या आपण चढवा. मोठ्या माणसाला भेटलं की शिकामू म्हणायचं, ते माराहाबा म्हणतात. पाळकांना म्चुंगाजी, त्यांच्या पत्नीला मामा म्चुंगाजी. खोलीत शिरलात तर प्रत्येकाशी हात मिळवायचा, एकालाच नमस्कार करून बसलं तर बाकीच्यांना तुटक वाटतं, आणि घाईत काम काढायचं नाही, आधी घरचे कसे, रात्र कशी गेली, मुलं कशी, हे सगळं विचारून झाल्यावर मग मुद्द्यावर यायचं.

दुसरी तितकीच गंभीर गोष्ट. राबाई ज्या किलिफी काउंटीत येतं त्याच काउंटीत शाकाहोलाचं जंगल आहे. 2023 मध्ये तिथे एका पंथाच्या प्रचारकाच्या नादी लागून उपाशी मेलेल्या लोकांची पुरलेली प्रेतं सापडली, 400 च्या वर. त्यात लहान मुलं पण होती. तेव्हापासून कुणी अनोळखी माणूस बायबल घेऊन गावात आला, उपवास प्रार्थना म्हणाला, की लोक आणि पोलीस दोघेही सावध होतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. म्हणून पहिले काही दिवस स्वतःच्या डोक्यानं घरोघरी जाणं, चौकात साक्ष देणं, आजाऱ्यावर हात ठेवून औषध बंद करा असलं काही बोलणं पूर्ण बंद. उपवासाची शिकवण तर स्थानिक पाळकांनी सांगितल्याशिवाय काढूच नका. जिथे जायचं तिथे स्थानिक मंडळीचा माणूस पुढे आणि तुम्ही मागे, गावात शिरताना आधी चीफच्या, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ऑफिसात हजेरी, हा तिकडचा रिवाज आहे आणि तो पाळला की बाकी दारं सहज उघडतात. लीडरनं पहिल्याच बैठकीत पाळकांना विचारावं की काय केलेलं तुम्हाला नकोय. हा प्रश्न विचारला तर लोक मोकळेपणानं बोलतात, काय करू विचारलं तर सगळ्याला हो म्हणतात.

किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, पहाटेची अजान ऐकू येईल, शेजार चांगला असतो आणि तो तुम्ही परत गेल्यावर पण तिथल्या ख्रिस्ती लोकांना सांभाळायचा असतो, हे लक्षात ठेवून बोला. रमजान असेल तर दिवसा रस्त्यावर खात फिरू नका. बायकांना आपला सलवार कुर्ता आणि ओढणी एकदम योग्य, शॉर्ट्स बीचपुरत्या. राबाईच्या बाजूला किनाऱ्यावरच्या मिजिकेंडा जमातींची काया नावाची जुनी राखलेली जंगलं आहेत, 2008 पासून युनेस्कोच्या यादीत, आपल्याकडच्या देवराया म्हणा ना. तिथे वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि शिरून तिथे उभं राहून जोरजोरात प्रार्थना करायची तर अजिबात नाही, हा सल्ला मला दोनदा द्यावासा वाटतो पण एकदाच देतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, पोलीस, लष्कर, बंदर, लिकोनीची फेरीबोट इथे मोबाईल खिशात. लहान मुलांचे फोटो पाळकांना आणि आईबापांना विचारूनच, आणि नाक वाहणारं, फाटक्या कपड्यातलं पोर शोधून त्याच्याबरोबर सेल्फी टाकणारा टीममध्ये एक तरी निघतोच, त्याला विमानात बसायच्या आधीच समज द्या.

रविवार. तुम्ही बहुतेक गुरुवार-शुक्रवारी पोचाल म्हणजे उपासना तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. टीमचे सारखे टीशर्ट घालून जाऊ नका, तिकडे लोक उपासनेला कडक इस्त्रीत येतात, सूट, पॉलिश केलेले बूट, त्यांच्यापुढे आपण घरच्या कपड्यात आल्यासारखे दिसतो. बऱ्याच मंडळ्यांत सकाळी लवकर इंग्लिश उपासना आणि नंतर स्वाहिली, स्वाहिलीला बसा, कळलं नाही तरी. तीन तास धरून चाला. पाहुण्यांना उभं करून बोलायला लावतात, तेव्हा ब्वाना असिफिवे म्हणायचं, म्हणजे प्रभूची स्तुती असो, मंडळी आमेन म्हणते, मग नाव, कुठून आलो, मंडळीचा सलाम, दोन मिनिटांत खाली बसायचं. आपल्याकडचे वडील माईक मिळाला की पंधरा मिनिटं सोडत नाहीत, इथे तसं नको. गीत विचारलं तर इंग्लिश कोरस गाऊ नका, ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले येतात, मराठी भजन म्हणा, खंजिरी किंवा झांजा बरोबर न्या, दुसऱ्या कडव्याला सगळे टाळ्यांचा ठेका धरतात. दानार्पणाला लोक नाचत पुढे येतात. गावाकडे कुणी अंडी, केळी, कोंबडी अर्पण करतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पाहुण्यांकडे सगळे बघतात, तेव्हा त्या सुट्या नोटा काढा आणि एक तरी बोली लावा. जिंकलेली कोंबडी मामा म्चुंगाजींना देऊन टाकायची.

संदेश पहिल्या रविवारी देऊ नका हे माझं मत. पाळक आग्रह करतील. पुढच्या रविवारचं घ्या आणि हा रविवार बसून ऐका. दिलाच तर दुभाष्याला आदल्या रात्री मुद्दे आणि शास्त्रपाठ द्या, छोटी वाक्यं बोला, विनोद टाळा.

सोमवारपासून मागण्या सुरू होतील, मुलाची फी, चर्चचं छप्पर, एखाद्याला भारतात ऑपरेशनला यायचंय. खऱ्या असतात बहुतेक. पण जागेवर कुणालाही हो म्हणायचं नाही, पैसे हातात द्यायचे नाहीत, बघतो असंसुद्धा म्हणायचं नाही कारण बघतो म्हणजे तिथे हो धरलं जातं. पाळकांकडे पाठवायचं, मंडळीच्या कमिटीतून जे येईल त्याच्यावर घरी आल्यावर विचार करायचा. टीममधल्या कुणी गुपचूप पाकीट दिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वीस जण उभे असतात आणि त्या सगळ्यांना नाही म्हणायचं काम मग स्थानिक पाळकांच्या गळ्यात पडतं.

आणि डास. मोंबासा आणि सगळा किनारा मलेरियाचा भाग आहे, तोही घातक प्रकारचा. क्राफ यांची पत्नी रोझिना आणि त्यांचं नुकतं जन्मलेलं बाळ, दोघं क्राफ मोंबासाला आले त्याच वर्षी, 1844 मध्ये, वारले, तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती, आता आहेत तर कंटाळा करू नका. संध्याकाळी पूर्ण बाह्या, मच्छरदाणी गादीखाली खोचून, गोळी डॉक्टरनं सांगितलेल्या वेळी न चुकता, आणि लीडरनं सगळ्यांनी घेतली का ते विचारायचं. ताप आला तर पॅरासिटामोल खाऊन दिवस काढायचा नाही, त्याच दिवशी जवळच्या क्लिनिकमध्ये बोटातलं रक्त देऊन टेस्ट करायची, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. परत आल्यावर पण डॉक्टरनं सांगितले तितके दिवस गोळ्या चालू ठेवा, काही प्रकारात आठवडा आणि काहींत चार आठवडे, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी केनियाहून आलोय.